घरगुती सर्व्हर

घरगुती सर्व्हर : घरातच चोवीस तास चालू ठेवलेला आणि घरातल्यांचे फोटो, कागदपत्रे, दिनदर्शिका, संपर्क, पासवर्ड सांभाळणारा संगणक. सर्व्हर म्हटले की गारठवलेल्या खोलीतली लुकलुकत्या दिव्यांची कपाटे आठवतात. मुंबईच्या घरात तो बहुधा टीव्हीमागे, राउटरला खेटून, पोळ्यांच्या डब्याएवढी जागा अडवून बसलेला असतो. एरवी गूगल फोटोज, आयक्लाउड किंवा ड्रॉपबॉक्सकडे सोपवलेले काम घरच्या यंत्रावर आणणे हा त्याचा हेतू. हौस, बचत, शिकण्याची ओढ ही कारणेही असतात. या नोंदीत मात्र खासगीपणासाठी चालवलेला सर्व्हर आणि तो चालवताना मुंबईकराला हमखास पडणारे प्रश्न यांचाच विचार केला आहे.

पार्श्वभूमी : विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन लागत नसे. अशा जोडणीवर घरात सर्व्हर ठेवण्यात अर्थ नव्हता. पुढे गच्चीवरून गच्चीवर तारा ओढणाऱ्या केबलवाल्याने टीव्हीबरोबर इंटरनेटही आणले, मग फायबर आली आणि जोडणी कायमची झाली. यंत्रेही स्वस्त होत गेली. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. स्वतःच्या यंत्रावर फाइल साठवण्याचे ओनक्लाउड हे सॉफ्टवेअर २०१० मध्ये आणि त्यातून फुटून निघालेले नेक्स्टक्लाउड २०१६ मध्ये सुरू झाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निकाल दिला. तरीही लोकांना सर्व्हरकडे वळवण्यात त्या निकालापेक्षा १ जून २०२१ या तारखेचा वाटा मोठा असावा. त्या दिवसापासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि मुलांच्या बारशापासूनचे फोटो नेमके कोणाच्या घरी राहतात, हा प्रश्न अनेकांना प्रथमच पडला.

क्लाउड, म्हणजे कंपन्यांच्या सर्व्हरवरची साठवण, ही काही दूरदेशीची गोष्ट नव्हे. ॲमेझॉनने २०१६ मध्येच आपल्या क्लाउडचा मुंबई विभाग सुरू केला. एखाद्याची फाइल घरापासून लोकलच्या अंतरावर पडलेली असू शकते. पण मुद्दा अंतराचा नाही, किल्लीचा आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या सरकारला तिथल्या कंपनीकडून तिच्या ताब्यातली माहिती मागवता येते, मग ती कोणत्याही देशात साठवलेली असो.

कोणापासून खासगी? हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि तो बहुधा सर्व्हर बसवून झाल्यावर विचारला जातो. फोटो घरच्या डिस्कवर आले की जाहिरातींसाठी माहिती गोळा करणारी कंपनी बाजूला पडते, एवढे खरे. इमिचसारखे सॉफ्टवेअर चेहरे ओळखण्याचे कामही घरच्याच यंत्रावर करते. पहिल्या रात्री हजारो फोटो चाळताना पंखा घोंघावत राहतो, पण आजीचा चेहरा उंबरठ्याबाहेर जात नाही. इंटरनेट पुरवणाऱ्याला मात्र आपण कोणत्या साइटवर जातो ते दिसतच राहते. साइटचा पत्ता शोधण्याची विचारणा कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) केली, तरी जोडणी सुरू होताना साइटचे नाव बऱ्याचदा उघडेच जाते.

घरच्या सर्व्हरवर वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे दोन यंत्रांमध्ये कूटबद्ध बोगदा काढणारे सॉफ्टवेअर, बसवले की आपण अदृश्य झालो, हा समज तर पुरता उलटा आहे. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्स या संचालन प्रणालीच्या गाभ्यात सामील झाले, ते जलद आहे आणि बसवायला सुटसुटीत आहे. स्टेशनवरच्या मोफत वाय-फायवर बसून त्यातून घरी जोडणी केली, तर त्या वाय-फायच्या चालकाला आतले काही दिसत नाही. पण पुढची वाटचाल घरच्या पत्त्यावरूनच होते. म्हणजे माणूस चर्चगेटला उभा असला तरी साऱ्या साइटना तो बोरिवलीत घरी बसलेलाच दिसतो. बाहेरच्याच्या नजरेपासून आडोसा मिळाला, ओळख मात्र लपली नाही.

सगळ्यात कमी चर्चा होते ती घरातल्या घरातल्या खासगीपणाची. पाय-होल हे जाहिराती अडवणारे साधन घरातील प्रत्येक फोनने कोणत्या साइटची विचारणा केली याची नोंद ठेवू शकते. कंपनीची नजर चुकवताना ती नजर सर्व्हर चालवणाऱ्या मुलाच्या हाती येते आणि वडील रात्री काय वाचतात हे त्याला एका पानावर दिसू लागते. वन रूम किचनमध्ये दाराआड जाण्याचीही सोय नसते. तिथे फोन हीच काय ती प्रत्येकाची खोली. पाय-होलमध्ये नोंदीच्या चार पातळ्या आहेत आणि सर्वांत वरच्या पातळीवर साइटचे नाव किंवा फोनची ओळख यांपैकी काहीच दाखवले जात नाही. ती पहिल्याच दिवशी निवडणे हे सभ्यपणाचे लक्षण मानावे. नेक्स्टक्लाउडमध्येही सर्वसाधारण मांडणीत सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळ्यांच्या फाइल उघडता येतात. व्हॉल्टवॉर्डन या पासवर्डच्या तिजोरीत तसे होत नाही, कारण कुलूप प्रत्येकाच्या फोनवरच लागते आणि सर्व्हरकडे फक्त कूटबद्ध मजकूर येतो. कोणते सॉफ्टवेअर निवडावे याला ही कसोटी लावली, तर पुढचे अनेक वाद टळतात. पाय-होलने यूट्यूबच्या जाहिराती जातील का, असेही हटकून विचारले जाते. जात नाहीत, त्या व्हिडिओच्याच पत्त्यांवरून येतात.

बाहेरून घरात कसे शिरायचे? मुंबईत बहुतेकांची गाडी इथेच अडते. सगळे नीट बसवले, घरात चालले, पण ऑफिसातून उघडत नाही. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरची जोडणी आत घेणारे दार, उघडूनही उघडत नाही. कारण आयपीव्ही ४ या इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले आहेत. आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गटावर आला होता. त्यामुळे अनेक पुरवठादार शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. जुन्या चाळीत साऱ्या बिऱ्हाडांना मिळून एकच पत्रपेटी असावी तसा हा प्रकार. पोस्टमन पेटीपर्यंत येतो, पण पत्र कोणत्या खोलीचे ते त्याला कळत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा एखादी साइट दाखवते त्या पत्त्याशी तो जुळत नसेल, तर जोडणी सामायिक आहे.

यावर उपाय तीन. पुरवठादाराकडून जादा पैसे देऊन स्थिर पत्ता घेणे हा पहिला. केबलवाल्याच्या पोऱ्याला स्थिर आयपी हवा असे सांगितले की तो बहुधा 'स्पीड वाढवून देतो' असे उत्तर देतो. थेट कार्यालयात विचारलेले बरे. दुसरा आयपीव्ही ६ ही पत्त्यांची नवी पद्धत, ज्यात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. तो चालू असेल तर राउटरची अग्निभिंत (फायरवॉल) नीट तपासावी लागते. तिसरा आणि सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे आपली यंत्रे परस्परांशी जोडणारे टेलस्केलसारखे जाळे वापरणे किंवा भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवरून वायरगार्डचा बोगदा काढणे. यात घरातून बाहेर जाणारी जोडणी घरच करते, त्यामुळे बाहेरच्यांसाठी दार उघडे ठेवावे लागत नाही. टेलस्केलमध्ये मजकूर दोन टोकांनाच उलगडतो. पण कोणते यंत्र कधी जोडले गेले हे त्या कंपनीला कळते. ते नको असणारे लोक कंपनीच्या सर्व्हरऐवजी हेडस्केल हे त्याच कामाचे सॉफ्टवेअर स्वतः चालवतात.

ज्यांनी पोर्ट थेट उघडले त्यांना लॉगमध्ये थोड्याच वेळात जगभरातून आलेले पासवर्डचे अंदाज दिसू लागतात. त्यात कोणाचा आकस नसतो. यंत्रे सारे पत्ते क्रमाने ठोठावत असतात. आणखी एक फट सहसा ध्यानात येत नाही. साइटची जोडणी कूटबद्ध करण्यासाठी लागणारे, लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळणारे प्रमाणपत्र घेतले की त्यातले साइटचे नाव सार्वजनिक नोंदवहीत चढते आणि कोणालाही वाचता येते. त्या नावात आडनाव आणि 'फोटो' किंवा 'कॅमेरा' असे शब्द घातले, तर घरात काय चालते याची पाटीच दारावर लावली असे होते. उपनावे न लिहिता त्या सर्वांना चालणारे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेतल्यास निदान उपनावे तरी झाकलेली राहतात.

ईमेलही घरूनच चालवता येईल का? न चालवलेलेच बरे. घरगुती जोडणीवर पोर्ट २५ अनेकदा बंद असते आणि घरगुती पत्त्यावरून आलेली पत्रे मोठ्या सेवा थेट स्पॅममध्ये टाकतात.

वीज, पाऊस आणि जागा : दहा वॉट घेणारे यंत्र तीस दिवसांत ७.२ युनिट वीज खाते. ६० वॉटचा जुना डेस्कटॉप ४३ युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. त्यामुळे सर्व्हरची वीज घराच्या सरासरी दराने मोजणे चुकीचे. ती नेहमी शेवटच्या, महाग टप्प्यात मोजली जाते. मे महिन्यात एसी चालू असताना जुना डेस्कटॉप बिलात जाणवतो, तो यामुळे. छोटा मिनी पीसी किंवा जुना लॅपटॉप परवडतो. लॅपटॉपची बॅटरी आयत्या यूपीएसचे काम करते, मात्र सतत पूर्ण चार्ज राहिल्यास उकाड्यात फुगते. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांच्या खाली बांधून ठेवावी.

शहरात वीज सहसा जात नाही, त्यामुळे यूपीएस घेण्याचा आळस केला जातो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि घरून काम करणारे लाखो लोक एकदम मोकळे झाले, तसा दिवस विरळा. रोजचा शत्रू वेगळाच असतो. मीटर रूममध्ये कोणाचे तरी काम निघते आणि दोन सेकंद लाईट जाऊन येते. नेमके त्या वेळी लिहिणे चालू असेल तर रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड बिघडू शकते. माहिती एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) ठेवणे आणि सर्व्हरबरोबर राउटरलाही छोटा यूपीएस लावणे, एवढ्याने बहुतेक प्रसंग निभावतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यांवरच्या घरांनी पाणी पाहिले. अशा घरात यंत्र जमिनीवर ठेवू नये हे उघड आहे. पण माळ्यावर ठेवले तर पत्र्याखाली ते तापते. भिंतीवर, छातीच्या उंचीला, वारा लागेल अशी फळी हा मधला मार्ग. दमट, खाऱ्या हवेत चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते. पावसाळाभर कपाटात पडून असलेल्या बॅकअप डिस्कची काळजी अधिक. ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात.

बॅकअप किती आणि कुठे? रूढ नियम तीन प्रतींचा आहे : दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक घराबाहेर. मुंबईच्या बाबतीत घराबाहेर म्हणजे शहराबाहेर असे वाचावे. रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या साधनाने कूटबद्ध केलेली प्रत पुण्या-नाशिकच्या नातेवाइकाकडच्या डिस्कवर रात्री पाठवता येते. काही जण गणपतीला गावी जाताना एक डिस्क नेतात आणि मागच्या वर्षीची परत आणतात. पद्धत जुनाट वाटते, पण तिला पत्ता, पोर्ट, पुरवठादार यांपैकी काहीच लागत नाही. सर्व्हरमध्ये एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क असणे म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरची चुकून पुसलेली फाइल जोडीच्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते.

संपूर्ण डिस्क कूटबद्ध केल्यास चोरी झाली तरी फोटो सुरक्षित राहतात. त्याची किंमत अशी की लाईट जाऊन आल्यावर कोणीतरी परवलीचा शब्द दिल्याखेरीज सर्व्हर उठत नाही. तो शब्द एकालाच ठाऊक असेल आणि तो माणूस इस्पितळात असेल, तर सारे घर स्वतःच्याच फोटोंना मुकते. व्हॉल्टवॉर्डनमध्ये आणीबाणीचा वारस नेमता येतो. तरीही सुरू करण्याची पद्धत साध्या मराठीत कागदावर लिहून विम्याच्या कागदांसोबत ठेवणे अधिक खात्रीचे, कारण तो कागद वाचणारी व्यक्ती बहुधा सर्व्हर या प्रकरणाला आधीपासूनच कंटाळलेली असते.

कायदा : डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. त्याच यंत्रावर सोसायटीच्या सभासदांची यादी किंवा फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण ठेवले, तर त्याला घरगुती म्हणणे अवघड होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी व्हीपीएन पुरवठादारांवर ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचे बंधन घातले. त्याचा रोख लोकांना सेवा पुरवणाऱ्यांवर आहे, स्वतःच्या घरात शिरण्यासाठी काढलेल्या बोगद्यावर नाही.

खरेदी आणि निरोप : ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा शहरातला इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार. कंपन्यांतून उतरवलेले छोटे डेस्कटॉप घासाघीस करून घेता येतात. यंत्र जुने घ्यावे, डिस्क नवी घ्यावी. वापरलेल्या डिस्कचे उरलेले आयुष्य दुकानदारालाही ठाऊक नसते, आणि कधी कधी तिच्यावर आधीच्या मालकाच्या फाइलही तशाच असतात. आपली डिस्क त्याच वाटेने जाऊ नये म्हणून भंगारात देण्यापूर्वी ती पुसावी. हार्ड डिस्क एकदा पूर्ण भरून लिहिली की पुरते. एसएसडीवर तसे लिहूनही काही कप्पे सुटतात, तिथे पहिल्या दिवसापासून कूटबद्ध ठेवलेल्या डिस्कची किल्ली नष्ट करणे हा खात्रीचा मार्ग. तसे केलेले नसेल, तर भंगारवाल्यासमोरच हातोडी वापरतात.