वायरलेस कॅमेरा घेताय? आधी राउटर कुठे आहे ते सांगा

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती मेगापिक्सेलचा चांगला?’ आमचा पहिला प्रश्न असतो, ‘राउटर कुठे ठेवलाय?’ तो ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ‘कॅमेरा ऑफलाइन दाखवतो’ म्हणून जे फोन येतात, त्यांतल्या बहुतेकांत कॅमेरा ठणठणीत असतो. बिघाड वायफायमध्ये असतो नाहीतर विजेत. म्हणून हे माहितीपत्रक. स्वतःच्या हाताने कॅमेरे लावणाऱ्यांनी भिंतीला ड्रिल लावण्याआधी वाचावे.

‘वायरलेस’ म्हणजे चित्र वायरीशिवाय जाते, एवढेच. वीज लागतेच. प्लगवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला ॲडॅप्टर लागतो, बॅटरीवाल्याला चार्जिंग लागते आणि दोघांनाही वायफाय लागते. ‘आमच्याकडे नेट नाही, पण वायरलेस द्या’ असे कुणी म्हटले, तर आम्ही सिमवर चालणारा कॅमेरा दाखवतो. त्याचे गणित पुढे दिले आहे.

आधी भोक, मग चाचणी: सगळा वेळ इथे जातो

नेहमीचा क्रम असा. ऑनलाइन कॅमेरा मागवायचा, ओटीवर बसून राउटरजवळ जोडायचा, चित्र झकास दिसले की पडवीच्या टोकाला चार भोके पाडून पक्का करायचा. संध्याकाळपर्यंत चालतो. रात्री घरातले सगळे मोबाइल घेऊन बसले की चित्र अडकते, आणि पहिल्या पावसानंतर कॅमेरा गायब होतो.

याचे कारण समजून घ्या. ‘तिथे माझ्या मोबाइलला दोन काड्या रेंज येते’ हा पुरावा पुरत नाही. मोबाइलवर आपण मुख्यतः राउटरकडून माहिती घेतो. कॅमेऱ्याचे काम उलटे, त्याला चित्र सतत राउटरकडे पाठवावे लागते. त्याचा अँटेना बोटभर असतो, आणि तो पडवीतून, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, भिंतीपलीकडून, मध्ये लोखंडी कपाट नाहीतर फ्रिज असताना पाठवत असतो. जांभा दगड सच्छिद्र आहे, पावसात पाणी धरून ठेवतो आणि पाणी वायफायच्या लहरी शोषते. मे महिन्यात जेमतेम चालणारा कॅमेरा जुलैत बंद पडतो तो यामुळे. पावसाळ्यासाठी पडवीला पत्रे लावले असतील तर आणखी बिकट, कारण पत्रा लहरी जवळजवळ अडवूनच टाकतो.

चाचणी अशी करा. राउटर वायफाय दोन पट्ट्यांवर देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; मोबाइल २.४ च्या वायफायला जोडा. सिग्नल मोजणारे कुठलेही फुकट ॲप घ्या. जिथे कॅमेरा यायचा त्याच जागी, त्याच उंचीवर, दारे-खिडक्या बंद करून आकडा बघा. आकडा उणे असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५५ डीबीएम (सिग्नल मोजायचे एकक) उत्तम. उणे ६५ पर्यंत बिनधास्त. उणे ७० ही कड. कोरड्या दिवसात ७० असेल तर पावसाळ्यात टिकेल असे आम्ही लिहून देणार नाही. ७५ च्या पलीकडे नादच सोडा.

मग कॅमेराच तिथे वाशाला सुतळीने बांधा, एक्स्टेन्शन बोर्डावरून वीज द्या आणि एक दिवस, एक रात्र चालवा. रात्री आठ ते दहा या वेळात घराबाहेर जा, मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर चित्र उघडा. घरातल्याच वायफायवर बघून काही कळत नाही, कारण तेव्हा तुमच्या जोडणीचा अपलोड (घरातून बाहेर माहिती पाठवायचा वेग) वापरलाच जात नाही, आणि मुंबईहून गावचे घर बघताना खरी गरज त्याचीच असते. एका कॅमेऱ्याला साधारण १ ते २ एमबीपीएस अपलोड मोकळा लागतो. चार कॅमेरे एकदम बघायचे तर त्याच्या चौपट. या परीक्षेत पास झाला की मगच ड्रिल.

नापास झाला तर लगेच नवीन वस्तू घेऊ नका. राउटर हलवून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. माजघरात टीव्हीमागे दडलेला राउटर ओटीच्या पुढच्या भिंतीवर, सहा-सात फूट उंचीवर आणला की बरीचशी दुखणी संपतात. तेवढ्याने भागले नाही तर राउटरपासून पडवीपर्यंत कॅट-६ वायर ओढा आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावा. घरात जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो. फक्त त्याचा डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करावा लागतो. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. स्वस्तातला रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) आमच्या यादीत सगळ्यात शेवटी येतो. तो घ्यायचाच तर राउटर आणि कॅमेरा यांच्या मधोमध लावा. लोक तो कॅमेऱ्याशेजारी लावतात, म्हणजे जिथे सिग्नल मेलेला आहे तिथेच, आणि मग मेलेलाच सिग्नल पुढे पाठवला जातो.

जोडताना अडते ते

बहुतेक साधे वायफाय कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर मोबाइल ५ वर जातो आणि कॅमेरा जोडताना अडकून बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटे बंद ठेवा, कॅमेरा जोडा, पुन्हा चालू करा. २.४ चा पल्लाही जास्त आणि भिंतीतून तो जातोही बरा, त्यामुळे कॅमेरा ‘जुन्या’ पट्ट्यावर चालतो याची खंत नको.

नेट कंपनी बदलली, नवा राउटर आला आणि सगळे कॅमेरे मेले? नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. स्पेलिंग, मोठी-लहान अक्षरे सगळे तेच. कॅमेरे आपोआप परत येतात, शिडी लावावी लागत नाही.

आणखी एक. ज्याच्या मोबाइलवरून कॅमेरा पहिल्यांदा जोडला, त्याच्या खात्याला तो बांधला जातो. भाच्याने हौसेने स्वतःच्या फोनवर जोडून दिला आणि भाचा पुण्याला गेला की पंचाईत. आधी घरमालकाचे खाते उघडा, त्यात जोडा, मग भाच्याला वाटून द्या. पासवर्ड वेगळा ठेवा आणि ॲपमध्ये दोन टप्प्यांची खात्री (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) चालू करा.

वीज, मेन स्विच आणि चाकरमानी

चतुर्थीला घर उघडते, कॅमेरा लागतो, आणि जाताना सवयीने मेन स्विच पाडला जातो. मुंबईत पोचेपर्यंत कॅमेरा ‘ऑफलाइन’. हसू नका, हे दरवर्षी होते. मेन चालू ठेवून बाकीच्या एमसीबी (बोर्डातले एकेका लाइनचे स्विच) पाडायच्या, आणि वायरमनकडून राउटर व कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र ६ अँपिअरची लाइन काढून घ्यायची. बिलाची धास्ती नको. राउटर साधारण १० वॅट, कॅमेरा ५ वॅट. राउटर आणि दोन कॅमेरे मिळून २० वॅट, म्हणजे महिन्याला चौदा-साडेचौदा युनिट. पावसात ओल धरून ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर आधी तो दोष काढा. बंद घरात तो वर करायला कुणी नसते.

लाइट गेली की कॅमेऱ्याआधी राउटर मरतो. इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. नसेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. त्यावर ८८०० एमएएच लिहिलेले बघून हुरळू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. दहा वॅटच्या राउटरला अडीच तास मिळाले तर मिळाले. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. तशा वेळी यूपीएस काय, इन्व्हर्टरही पुरत नाही. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असू द्या. नेट गेले तरी वीज असेपर्यंत चित्रण चालू राहते.

‘दिवसा चालतो, रात्री बंद-चालू होतो’ ही तक्रार आली की आम्ही आधी वायरीची लांबी विचारतो. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला बाजारातली पातळ दहा मीटर यूएसबी वायर जोडली की पलीकडे व्होल्टेज पडते. रात्री अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो आणि कॅमेरा गटांगळ्या खातो. यूएसबी वायर तीन मीटरच्या आत ठेवा. अंतर जास्त असेल तर कॅमेऱ्याजवळ पाणी न शिरणाऱ्या बॉक्समध्ये प्लग पॉइंट काढा, नाहीतर १२ व्होल्टचा कॅमेरा घ्या.

बॅटरी, सोलर आणि सिम

बॅटरीचा कॅमेरा दिवसभर चित्रण करत नाही. अंगाच्या उष्णतेची हालचाल जाणवली की जागा होतो, थोडा वेळ चित्रण करतो आणि झोपतो. समोरून सरळ चालत येणारा त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून पाणंदीकडे तोंड करून लावू नका, वाटेला आडवा लावा. एप्रिल-मेच्या दुपारी भिंत आणि माणूस सारखेच तापलेले असतात, तेव्हा त्याची नजर मंदावते. सोलर पॅनेल आठ महिने छान काम करते. आषाढात ढग हटत नाहीत आणि पॅनेलवर शेवाळ धरते. पावसाळ्याआधी बॅटरी पूर्ण भरा आणि पॅनेलवरची माडाची झावळी बाजूला करा.

आंब्याच्या बागेत किंवा लांबच्या मांगरात (शेतातल्या खोपटात) सिमचा कॅमेरा ठीक. पण कॅमेरा ज्या कलमाला बांधायचा त्या कलमाखाली उभे राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा. रस्त्यावरची रेंज बागेत उतरत नाही. १ एमबीपीएसचे चित्र तासभर बघितले की ४५० एमबी जातात. रोज दीड जीबीच्या पॅकवर तीन तासांत काम आटोपते. सतत क्लाउड रेकॉर्डिंग (नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवणे) म्हणजे दिवसाला १०.८ जीबी, ते सिमवर विसराच. चित्रण कार्डावर, सूचना मोबाइलवर, असे ठेवा.

याच हिशोबाने ६४ जीबीच्या कार्डावर पाच-साडेपाच दिवस राहतात आणि १२८ वर अकरा. चित्र जास्त मेगापिक्सेलचे असेल तर दिवस त्या प्रमाणात कमी. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेले, हाय एन्ड्युरन्स प्रकारचे घ्या. मोबाइलमधले जुने कार्ड घातले तर चोरी झालेल्या दिवशीच ते कोरे निघते.

कोणती लेन्स, किती उंच

आता मेगापिक्सेलवाल्यांसाठी. २ मेगापिक्सेल घराला पुरते, लेन्स नीट निवडली तर. २.८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये अख्खे खळे (अंगण) मावते, पण अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखू येतो तो साधारण तीन मीटरपर्यंतच. ४ च्या लेन्सला चार मीटर, ६ च्या लेन्सला सात-आठ. रात्री याहून कमी धरा. म्हणजे दारासाठी २.८ आणि बेड्यासाठी (फाटकासाठी) ६. ‘एकाच कॅमेऱ्यात अंगण, गडगा आणि रस्ता सगळे हवे’ म्हणाल तर सगळे दिसेल, ओळखू कुणीच येणार नाही. उंची आठ-नऊ फूट. त्याहून वर नेला तर डोक्याची टाळू दिसते, खाली ठेवला तर केलडी (माकडे) ओढतात.

पांढऱ्या भिंतीला किंवा वळचणीला खेटून लावू नका. रात्री इन्फ्रारेड उजेड तिथूनच परत येतो आणि पुढचे सगळे काळे पडते. लेन्ससमोर कोळ्याचे जाळे झाले की रात्रभर ‘हालचाल दिसली’ असे मेसेज येतात. आठवड्याला एकदा केरसुणी फिरवा. या तक्रारीसाठी आम्ही आलो तर येण्याजाण्याचा आकार घेतो, हे आधीच सांगतो.

खारा वारा

आयपी ६६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याला टिकतो. खाऱ्या वाऱ्याची खात्री त्या आकड्यात नसते. आणि तो आकडा कॅमेऱ्याच्या डब्याचा, मागून लोंबणाऱ्या जोडाचा नव्हे. कॅमेरे मरतात ते त्या जोडाशी हिरवे साचून. जोड पीव्हीसी बॉक्समध्ये घ्या आणि वायर बॉक्सखाली थोडी झोल देऊन मग वर चढवा, म्हणजे पाणी झोलावरून गळते, आत जात नाही. ॲडॅप्टर शक्य तो घरात ठेवा. खोक्यातले स्क्रू फेकून द्या. समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचे स्टेनलेस लावा, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवरही काही काळाने तांबूस डाग येतात. आम्ही कॅमेऱ्याबरोबर ३१६ चे चार स्क्रू आणि बॉक्स देतो. ऑनलाइनपेक्षा आमचा भाव थोडा जास्त दिसतो त्यात हेही आले.

घेताना खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बघा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सायबर सुरक्षेच्या चाचणीची अट आहे. शेजाऱ्याचे खळे, न्हाणी किंवा विहिरीचा काठ चित्रात येत असेल तर कॅमेरा फिरवा नाहीतर ॲपमध्ये तेवढा भाग झाका. भाऊबंदकीत आधीच कारणे कमी नसतात.

आमची पद्धत

कनेक्टर कापलेला कॅमेरा आम्ही परत घेत नाही. मात्र विकण्याआधी चाचणीचा कॅमेरा अनामत ठेवून दोन दिवस घरी देतो. तो तुमच्या जागी चालला तरच विकत घ्या; चालला नाही तर अनामत पूर्ण परत, आणि राउटर कुठे हलवायचा ते आम्ही फुकट सांगतो.

येताना मोबाइलवर एवढे काढून आणा: राउटरचा फोटो, त्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो (पासवर्ड बोटाने झाका), कॅमेरा लावायच्या जागेचा लांबून एक फोटो, आणि तिथला सिग्नलचा आकडा. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस चाचणीचे कॅमेरे मोकळे नसतात, तेव्हा श्रावणातच सांगून ठेवा.