घोडा अचानक लंगडू लागला, तर आधी खूर बघा

माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर सकाळपासून नीट चालणारा घोडा एखाद्या वळणानंतर एकदम लंगडू लागतो. पाठीवर बसलेल्या माणसाला चालीची लय बिघडल्यासारखी वाटते, एवढंच. घोडेवाल्याला मात्र घोड्याची मान दिसत असते. अशा वेळी पहिलं काम म्हणजे खाली उतरणं. "थोडा चालवा, आपोआप मोकळा होईल" असं बरेच जण सांगतात आणि हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. अंग नुसतं आखडलं असेल, तर ते चालून सुटेलही. पण हाडाला चीर गेली असेल, तर पुढच्या चार पावलांत ते हाड मोडू शकतं. तपासल्याशिवाय यातलं काय झालंय, हे कुणालाच सांगता येत नाही.

कोणता पाय दुखतोय, हे मान सांगते. घोड्याच्या अंगाचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. दुखरा पुढचा पाय जमिनीला लागताना घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो; चांगला पाय टेकताना डोकं खाली येतं. नवखी माणसं इथेच फसतात. डोकं ज्या पायावर खाली जातं, तोच दुखरा असं समजून भलताच पाय तपासत बसतात. दुखणं मागच्या पायात असेल, तर मागून पुठ्ठ्यांकडे बघावं. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. कडक, सपाट जमिनीवर दुडक्या चालीत हे चांगलं दिसतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं, तर डॉक्टरांनाही त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र जो घोडा पाय टेकायलाच तयार नाही, त्याला दुडक्या चालीत पळवून बघू नये. तो जिथे आहे तिथेच उभा राहू द्यावा.

आता पाय उचलून खूर साफ करा. पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेक वेळा खुरातूनच सुरू होतं, म्हणून खांद्यापेक्षा आधी खूर बघायचं. नाल आणि तळव्याच्या मध्ये खडा अडकलेला असेल आणि तो काढल्यावर घोडा नीट चालू लागला, तर सुटलात. नाल सरकलाय का, एखादा खिळा वाकलाय का, तळव्यात काही घुसलंय का, हेही बघा. नाल मारून दोन-चार दिवसच झाले असतील, तर संशय आधी खिळ्यांवर घ्यावा. नालबंद एकेक खिळा सावकाश उपसतो आणि प्रत्येक खिळा निरखून बघतो, हुंगतोही. जो खिळा ओला, काळपट आणि वास मारणारा निघतो, त्याच्याच वाटेने बिघाड आत गेलेला असतो.

काल अगदी ठणठणीत असलेला घोडा आज तीन पायांवर उभा आहे, असं दिसलं की पाय मोडल्याचीच भीती वाटते. प्रत्यक्षात याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे खुरात झालेला पू. पावसाळ्यात खूर सतत ओलं राहून मऊ पडतं. खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथली फिकट रेघ सैल होते आणि बारीक खडी, माती, जंतू आत शिरतात. पू साठायला लागतो, पण खुराचं कवच कडक असल्यामुळे सुजायला जागाच मिळत नाही. दारात बोट चेमटून नखाखाली रक्त साकळलं की जो ठणका लागतो, तोच ठणका इथे पाचशे किलोच्या अंगाखाली असतो. डॉक्टर चिमट्याने खूर दाबत दाबत नेमकी जागा शोधतात, काळी रेघ कोरत आत जातात आणि करड्या रंगाचा, घाण वासाचा पू बाहेर पडतो. तो निघून गेला की बहुतेक घोडे एक-दोन दिवसांत पाय टेकू लागतात. पुढे कोमट पाणी आणि एप्सम सॉल्टमध्ये खूर बुडवणं, पट्टी बांधणं आणि जागा कोरडी ठेवणं, एवढं करायचं. नुसत्या अँटिबायोटिकवर भिस्त ठेवू नये, खरा उपाय पू बाहेर काढणं हाच आहे.

तळव्यात खिळा रुतलेला दिसला की हात आपोआप तिकडे जातो. तो आवरा. तळव्याच्या मधल्या रबरासारख्या त्रिकोणी भागाच्या वर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर), एक लहान हाड आणि सांध्याची पोकळी अगदी जवळ-जवळ असतात. खिळा तिथवर पोचला असेल, तर काही तासांत उपचार सुरू व्हावे लागतात. खिळा जागेवर असतानाच एक्स-रे काढला, तर तो कुठवर गेलाय ते कळतं. डॉक्टर लवकर पोचणार नसतील आणि प्रत्येक पावलागणिक खिळा आत जात असेल, तर मात्र आधी फोटो काढा, जागेवर खूण करा, खिळा सरळ उपसून तो जपून ठेवा आणि खूर स्वच्छ पट्टीने झाका. घोड्याला धनुर्वात चटकन होतो. त्यामुळे लस केव्हा टोचली होती, हे डॉक्टरांना लगेच सांगावं.

बोटांनी करायची एक तपासणी प्रत्येक घोडेवाल्याने शिकून घ्यावी. खुराच्या वर, मागे केसांचा झुपका असलेला जो सांधा आहे, त्याच्या मागच्या दोन्ही कडांना बोटं अलगद ठेवा. निरोगी पायात तिथली नाडी जेमतेम लागते. आत दाह असेल, तर ती ठकठक उडते. एकाच पायात उडत असेल तर पुवाचा किंवा माराचा संशय. दोन्ही पुढच्या खुरांत उडत असेल, खुरं गरम असतील आणि घोडा वजन मागे टाकून, पुढचे पाय पुढे ताणून उभा असेल, तर तो लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह, समजा. खुरातलं हाड भिंतीला साडेपाचशे ते सहाशे पातळ पापुद्र्यांच्या गुंफणीने लटकलेलं असतं. घोडा धान्याच्या पोत्याला तोंड घालून भरमसाट खाऊन गेला, किंवा विणीनंतर घोडीची वार आत अडकली, की हीच गुंफण सुटू लागते. अशा घोड्याला चालवायचं नाही. डॉक्टर येईपर्यंत खुरं बर्फाच्या पाण्यात ठेवा.

नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागे गरम, दुखरी सूज दिसली, तर टेंडन दुखावला आहे. गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळपास नाहीतच. सगळा ताण टेंडन झेलतात. चौखूर धावताना ते इतके ताणले जातात की आतलं तापमान 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. थंड पाणी, नीट बांधलेली पट्टी आणि विश्रांती. भरून यायला बरेच महिने जातात. सूज उतरली म्हणून पंधरा दिवसांनी खोगीर चढवणं हा त्या जनावरावर अन्याय आहे.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक इंजेक्शन देऊ नका. दुखणं दबलं की घोडा मोडक्या पायावरही वजन टाकतो आणि डॉक्टरांनाही खूण सापडत नाही. माथेरानला खासगी गाड्या दस्तुरी नाक्यापुढे येत नाहीत, तेव्हा लंगडत्या घोड्याला खाली नेण्यापेक्षा डॉक्टरांना वर बोलावणंच बरं.

उपचार सुरू झाल्यावर सगळ्यांचं लक्ष दुखऱ्या पायाकडे असतं, आणि धोका दुसऱ्या पायाला असतो. अमेरिकेत 2006 ची केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारोचा उजवा मागचा पाय दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळूही लागलं. पण भार पेलणाऱ्या डाव्या पायाला लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. म्हणून दुखरा पाय बांधल्यावर दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पायाखाली जाड, मऊ बिछाना घाला, आणि त्या खुराची ऊब आणि नाडी रोज सकाळ-संध्याकाळ बघा.