बेगेना : इथिओपियाच्या भक्तिसंगीतातील गुंजारव

इथिओपियाच्या उंच पठारावर, विशेषतः अम्हारा समाजात, जपले गेलेले बेगेना हे दहा तारांचे वाद्य एक मीटरहून अधिक उंच असते. खाली चामड्याने मढवलेली लाकडी पेटी, तिच्यातून वर गेलेले दोन दांडे आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी अशी त्याची बांधणी असून, मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या तारा आडव्या दांडीवरून निघून पेटीवरच्या घोडीवरून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरून, खाली जातात. अशा बांधणीच्या तंतुवाद्यांना लायर म्हणतात. लायर जातीची वाद्ये प्राचीन मेसोपोटेमिया आणि इजिप्तमध्येही होती. आज मात्र त्यांची जिवंत परंपरा मुख्यतः ईशान्य आणि पूर्व आफ्रिकेत आढळते. केनियातील लुओ लोकांचे आठ तारांचे न्यातिती हे त्याच कुळातले.

बेगेनाचा खरा विशेष त्याच्या घोडीवर आहे. प्रत्येक तार आणि घोडी यांच्यामध्ये चामड्याचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो, त्याला एन्झिरा म्हणतात. वादक तो किंचित पुढे-मागे सरकवत राहतो आणि तारेला हवी तशी झणझण आली की थांबतो. आपल्याकडे तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झणझणता गुंजारव, साधतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. कंप पावणारी तार घोडीच्या रुंद पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते, त्यामुळे तिच्या मंद कंपनांतील ऊर्जेचा काही भाग सतत वरच्या स्वरांशांकडे, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांकडे, वळत राहतो. तार जिथे छेडली जाते त्या बिंदूवर ज्यांची कंपने शून्य असतात असे स्वरांश साध्या तारेत उमटत नाहीत. पण तानपुरा आणि वीणेत तेही ऐकू येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले होते.

बेगेनाला या गुंजारवाची गरज तानपुऱ्याहूनही अधिक आहे, असे मला वाटते. त्याच्या काही तारांची मूळ कंपने सेकंदाला 100 पेक्षाही कमी असतात. इतके खर्जातले स्वर आपल्या कानाला क्षीण ऐकू येतात आणि लहान पेटी ते हवेत फारसे पसरवूही शकत नाही. एन्झिरामुळे निर्माण होणारे वरचे स्वरांश मात्र कानाला सहज जाणवतात आणि त्यांच्या आधारे मेंदू मूळ खर्ज ओळखतो. म्हणूनच नुसत्या बोटांनी, हळुवार छेडलेले हे वाद्य खोली भरून टाकते. बहुतेक वादनपद्धतींत दहाही तारा वाजत नाहीत. काहींवर बोटे नुसती टेकवलेली असतात.

परंपरा सांगते की हे बायबलमधील राजा दाविदाचे वाद्य असून त्याचा मुलगा सॉलोमन आणि शेबाची राणी यांचा पुत्र मेनेलिक याने ते इथिओपियात आणले. इतिहास म्हणून ही कथा सिद्ध करता येत नाही, पण बेगेनाला मिळालेला आदर तिच्यातूनच उमजतो. क्रार हे त्याचे लहान भावंड प्रेमगीतांना आणि करमणुकीला साथ देते, तर बेगेना प्रार्थनेसाठी राखलेले असते. चर्चमधील नित्य उपासनेपेक्षा घरातील एकांतात आणि ईस्टरपूर्वीच्या 55 दिवसांच्या उपवासकाळात ते अधिक वाजते. खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटल्यासारख्या आवाजात गायल्या जाणाऱ्या या पदांत जीवनाची क्षणभंगुरता, मृत्यू आणि मरियमेची स्तुती असते. सम्राट तेवोद्रोस दुसरा आणि मेनेलिक दुसरा हे स्वतः बेगेना वाजवत असल्याचे सांगितले जाते.

1974 मध्ये सत्तेवर आलेल्या लष्करी राजवटीच्या काळात, धर्माशी घट्ट जोडलेल्या या वाद्याचे शिक्षण जवळजवळ थांबले. ज्यांनी ते तगवून धरले त्यांत बेगेनावादक अलेमु आगा यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांच्या ध्वनिमुद्रणांमुळे बेगेना इथिओपियाबाहेरही पोचले. 1991 मध्ये ती राजवट कोसळल्यानंतर अदिस अबाबात तरुण मुलेमुली पुन्हा ते शिकू लागली. आतड्याच्या तारांऐवजी आता अनेकदा नायलॉनच्या तारा लावल्या जातात, परंतु एन्झिरा बसवण्याचे काम अजूनही हाताने आणि कानानेच करावे लागते.