ऊस चालतो, गूळ चालत नाही

‘व्हेरिएबलची नावं इंग्रजीतच लागतात, कम्प्युटरला मराठी कुठं कळतंय?’ कोल्हापुरात कोडिंग शिकणारी पोरं हे छातीठोकपणे सांगतात. (व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राममध्ये किंमत ठेवायची, नाव दिलेली जागा.) पण इंग्रजी तरी त्याला कुठं कळतं? सी किंवा गोसारख्या प्रोग्रामिंग भाषेत कम्पायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, प्रत्येक नाव एका तक्त्यात टिपतो, त्यापुढे मेमरीतली जागा मांडतो. डीबगिंगपुरती, म्हणजे चुका शोधण्यापुरती, नोंद सोडली, तर चालत्या प्रोग्रामला त्या नावाशी देणंघेणं नसतं. म्हणजे आखूड नावानं प्रोग्राम जोरात पळतो, हीही भाबडी समजूतच.

मग अडतं कुठं? गोमध्ये ‘ऊस’ हे नाव बिनतक्रार चालतं. ‘गूळ’ दिलं की कम्पायलर अडून बसतो! युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांना संकेत देणारी पद्धत; तिच्या हिशेबी ‘गूळ’ म्हणजे तीन संकेत: ग, दीर्घ उकार आणि ळ. प्रत्येक संकेताला एक वर्ग असतो. ग आणि ळ ‘अक्षर’ वर्गातले, उकार मात्र ‘चिन्ह’ वर्गातला. गो नावात फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर घेते. ‘ऊस’मध्ये दोन्ही निव्वळ अक्षरं, म्हणून तो सुटला. शिवाय गोमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल असेल तरच ते नाव दुसऱ्या पॅकेजमधून, म्हणजे कोडच्या दुसऱ्या गठ्ठ्यातून, वापरता येतं. देवनागरीत कॅपिटल नाहीच, तेव्हा ‘ऊस’ही घरातच कोंडलेला.

२००८ साली आलेल्या पायथन ३ या भाषेनं नियम वेगळा ठेवला: सुरुवात अक्षरानं किंवा अंडरस्कोरनं करा, पुढे मात्रा-वेलांट्या खुशाल येऊ द्या. तिथं ‘गूळ_दर’ मजेत चालतो. पण दर कशाचा? मार्केट यार्डात क्विंटलचा, दुकानात किलोचा. माझ्या मते मराठी-इंग्रजीच्या वादापेक्षा हे महत्त्वाचं; ‘गूळ_दर_क्विंटल’ लिहिलं की भांडणच नको.

अंकशास्त्रवाले नावात जादा ‘ए’ घालून नशीब पालटून देतात म्हणे. पायथनमध्ये किंमत भरताना नावात एक अक्षर जादा पडलं तर मुकाट्यानं नवा व्हेरिएबल तयार होतो, जुन्यात जुनाच दर राहतो आणि बिल चुकतं.

‘शेतकऱ्याचे_बिल’ टाइप करताना मात्र जपून. काही कीबोर्ड ‘ऱ्या’ उमटवायला साधा र, हलंत आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक घालतात. पायथन तो जोडक नाकारतो, आणि स्क्रीनवर चूक शोधून सापडत नाही. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन तेच लिहा. दिसायला काडीचा फरक नाही, प्रोग्राम चालतो.