ओझर, मुंबई की शिर्डी? स्वस्त विमानतिकिटामागचा इतिहास

नाशिककराला विमानाचं तिकीट शोधताना तारखेच्याही आधी विमानतळ ठरवावा लागतो. ओझरचा विमानतळ जवळचा, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. पण तिथून थेट जाता येईल अशी शहरं मोजकीच. मुंबईहून जगभर जाता येतं, मात्र कसारा घाट उतरा नाहीतर समृद्धी धरा, तीन-चार तास आणि गाडीभाडं जातंच. ऑक्टोबर २०१७ पासून शिर्डीचा तिसरा पर्याय आहे. मुंबईचं तिकीट दीड हजाराने स्वस्त दिसलं, तरी टॅक्सी, टोल आणि पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम धरला की एकट्या माणसाचा फायदा बहुतेक वेळा उरत नाही. चौघांचं कुटुंब एकाच गाडीने गेलं तर उरतो.

तिकीट ‘शोधणं’ ही गोष्टच आपल्याकडे तशी अलीकडची. १९५३च्या कायद्याने खासगी विमानकंपन्या सरकारच्या ताब्यात गेल्या. देशातला प्रवास इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशचा एअर इंडियाकडे आला. मार्ग ठरला की भाडं ठरलं. विद्यार्थी, सैनिक यांना सवलत असे, पण बाकीच्यांनी आज काढलं काय आणि महिन्याभराने काढलं काय, रक्कम तीच. परदेशी प्रवासातही निराळं नव्हतं. आयाटा या विमानकंपन्यांच्या संघटनेच्या बैठकांत भाडी ठरत आणि सरकारं त्यांवर शिक्का मारत.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो परदेशात. २६ सप्टेंबर १९७७ला ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांच्या ‘स्कायट्रेन’ या विमानसेवेने लंडन ते न्यूयॉर्क प्रवास ५९ पौंडांत सुरू केला. आगाऊ आरक्षण नाही, जेवणाचे पैसे वेगळे. पुढच्याच वर्षी अमेरिकेने देशांतर्गत भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण काढण्याचा कायदा केला, आणि पीपल एक्स्प्रेससारख्या नव्या कंपन्या फारच कमी भाड्यात उडू लागल्या. त्यांच्याशी टक्कर द्यायला अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी १९८५मध्ये जी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली, ती समजली की आजची सगळी भाडी समजतात.

विमान उडालं की रिकामी खुर्ची कायमची वाया गेली. म्हणून काही खुर्च्या अगदी स्वस्तात द्यायच्या, पण फक्त लवकर आणि अटींवर घेणाऱ्यांना. ऐनवेळी कामासाठी निघणारा माणूस जास्त पैसे देतोच, त्याच्यासाठी बाकीच्या राखून ठेवायच्या. एकाच वर्गातल्या खुर्च्यांचे असे दहा-बारा गट पडतात. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो, आणि विक्री मंदावली तर संपलेला गट पुन्हाही उघडला जातो. किती खुर्च्या कुठल्या गटात, हे जुन्या विक्रीच्या आकड्यांवरून संगणक सतत ठरवत राहतो.

‘दोनदा पाहिलं म्हणून साइटने भाव वाढवला’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बहुतेक वेळा झालेलं इतकंच असतं की मधल्या काळात स्वस्त गटातल्या खुर्च्या कुणीतरी घेतल्या. मला याहून महत्त्वाची वाटते ती कुटुंबाच्या बुकिंगची गोष्ट. स्वस्त गटात तीनच खुर्च्या उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर चौघांनाही वरच्या गटाचं भाडं दिसू शकतं. आधी एका माणसासाठी शोधा, मग चौघांसाठी. माणशी भाडं वेगळं आलं, तर तिकिटं दोन भागांत काढा.

भारतात हे सगळं उशिरा आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ईस्ट वेस्ट, दमानिया, जेट, सहारा आल्या आणि १९९४मध्ये १९५३चा कायदा रद्द झाला. पण या कंपन्यांची स्पर्धा मुख्यतः सेवेत होती. विमान अजूनही साहेबलोकांचंच होतं. ऑगस्ट २००३मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली, तेव्हा चित्र पालटलं. जेवण नाही, खुर्च्या जास्त, तिकीट इंटरनेटवर, आणि मोजक्या खुर्च्यांसाठी १ रुपयाचं भाडं. त्या एका रुपयाने लोकांना लवकर बुकिंग करायला शिकवलं. मग स्पाइसजेट आणि गोएअर (२००५), इंडिगो (२००६). त्याच सुमारास मेकमायट्रिपसारख्या साइट आल्या आणि सगळ्या कंपन्यांचे दर एका पडद्यावर दिसू लागले. त्या स्वस्ताईची किंमतही मोजली गेली. डेक्कन किंगफिशरमध्ये विरली, किंगफिशर २०१२मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९मध्ये आणि गो फर्स्ट (म्हणजे आधीची गोएअर) मे २०२३मध्ये. प्रत्येक वेळी तिच्या मार्गांवरचे पर्याय कमी झाले.

नाशिकला याची झळ जास्त बसते, कारण इथे पर्याय मुळातच थोडे. ओझरची धावपट्टी मोठी आहे, कारण ती हिंदुस्तान एरोनॉटिक्सची, मिग लढाऊ विमानं बांधण्यासाठी साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या कारखान्याची. प्रवासी टर्मिनल २०१४मध्ये झालं आणि नियमित सेवेविना राहिलं. इतक्या मोठ्या शहराने इतकी वाट पाहावी, याची खंत अजून जात नाही. छोटी शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा आली, विमानातल्या साधारण निम्म्या खुर्च्यांसाठी. त्यातून डिसेंबर २०१७मध्ये नव्या रूपातली एअर डेक्कन छोट्या विमानांनी नाशिक-मुंबई उडू लागली. मुंबईत उतरण्याच्या वेळा मिळवण्यापासूनच अडचणी होत्या आणि सेवा टिकली नाही. जून २०१८ला जेटने दिल्ली जोडली. दहा महिन्यांत जेटच बंद पडली. मार्च २०२३पासून इंडिगोने गोवा, अहमदाबाद, नागपूर सुरू केल्यावर थोडं स्थैर्य आलं. पण एखाद्या मार्गावर एकच कंपनी असेल, तर तिने स्वस्त गट मोठा ठेवण्याचं कारण उरत नाही. अशा मार्गावर साइट बदलून फार काही हाती लागत नाही. तारीख किंवा विमानतळ बदलावा लागतो.

परदेशच्या तिकिटात आणखी एक घटक येतो: दोन देशांतले करार. भारत आणि दुबई यांच्यात दोन्हीकडच्या कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी सुमारे ६६ हजार जागांचीच मुभा आहे, म्हणून मागणी वाढली तरी जागा वाढत नाहीत. युरोप-अमेरिकेला मात्र दुबई, दोहा, अबुधाबी, इस्तंबूल अशा अनेक वाटा असल्याने थांबा घेऊन जाणं थेट विमानापेक्षा बरेचदा स्वस्त पडतं. ओझर-दिल्ली एक आणि दिल्लीहून पुढे दुसरं, अशी सुटी तिकिटं जोडून पैसे वाचवायचे तर मध्ये पुरेसा वेळ ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते, आणि ओझरहून दुसरं विमान त्याच दिवशी मिळेलच असं नाही.

सरकारने भाड्यांतून हात पूर्ण काढलेला नाही. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ देशांतर्गत भाड्यांना खालची-वरची मर्यादा होती. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये अशी कमाल पातळी तात्पुरती घालावी लागली. २०२५च्या सुरुवातीला प्रयागराजच्या कुंभात भाडी कडाडली, तेव्हाही सरकारला कंपन्यांना समज द्यावी लागली होती. नाशिकच्या सिंहस्थातली मुख्य स्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या दिवसांत बाहेरगावाहून यायचं असेल, तर ओझरबरोबर शिर्डी आणि मुंबईचेही दर पाहावेत, आणि विक्री खुली होताच तिकीट घ्यावं. आपल्याला त्याच सुमारास नाशिकहून बाहेर पडायचं असेल, तरी हेच करावं. पर्वणी आटोपली की परतीची सगळी गर्दी त्याच विमानांवर येते.