मेळघाट : लोकवस्ती आणि हवामान

मेळघाट हा अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांत वसलेला आदिवासी प्रदेश. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके त्यात येतात. उत्तरेला मध्य प्रदेश लागतो. सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या नद्या इथले पाणी तापीकडे नेतात. दक्षिणेला डोंगर एकदम उतरतात आणि परतवाडा-अकोटकडचे काळ्या जमिनीचे मैदान सुरू होते.

हवामानाचा विचार करताना आधी उंची पाहावी लागते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे आणि जवळचे वैराट त्याहूनही थोडे उंच. धारणी मात्र तापीच्या खोऱ्यात, जेमतेम तीनशे-साडेतीनशे मीटरवर आहे. त्यामुळे मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा 45 अंशांकडे धावत असतो तेव्हा चिखलदऱ्याला पाच-सहा अंशांचा दिलासा असतो. धारणीकरांच्या वाट्याला तो येत नाही. हिवाळ्यात पठारावर कडाक्याची थंडी पडते. या थंड हवेमुळेच चिखलदऱ्यात कॉफी पिकते आणि अलीकडे मोथा परिसरात स्ट्रॉबेरीही घेतली जाते.

पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. चिखलदऱ्याच्या पठारावर वर्षाला साधारण 1,500 मिलिमीटर पडतो, तर पायथ्याच्या अचलपूर-परतवाड्याकडे आठशे-नऊशेच्या आसपास. एवढा पाऊस होऊनही मार्चनंतर खडीमलसारख्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र, माती पातळ आणि खाली बेसाल्टचा कातळ, त्यामुळे पाणी मुरण्याआधीच तापीच्या दिशेने निघून जाते. मेळघाटातली टंचाई कमी पावसाची नसून पाणी न थांबण्याची आहे. दुष्काळी भागासाठी आखलेल्या योजना इथे जशाच्या तशा चालत नाहीत, त्याचे कारण हेच.

2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून लोकसंख्येचे आकडे अजून 2011 चेच वापरावे लागतात. त्यानुसार दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या सुमारे 3 लाख. त्यांतले जास्त लोक धारणी तालुक्यात. दर चार माणसांमागे तीन अनुसूचित जमातींचे आहेत. कोरकू सर्वांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांची भाषा मुंडा गटातली, म्हणजे मराठी, हिंदी किंवा गोंडी यांच्याहून वेगळ्या कुळातली. शेजारच्या गोंडांशीही कोरकूतून बोलता येत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ ओळी, ही कोरकू गावाची ठेवण. त्यांच्याखेरीज गोंड, निहाल, बलई आणि दूध-खव्याचा व्यवसाय करणारे गवळी इथे राहतात. शहरी वस्ती नगण्य आहे. चिखलदरा नगरपरिषदेची लोकसंख्या पाच हजारांच्या घरात असून ती राज्यातल्या सर्वांत छोट्या नगरपरिषदांपैकी एक आहे.

या आकड्यांना एक मर्यादा आहे आणि ती समजल्याशिवाय मेळघाटचे चित्र पुरे होत नाही. शेती बहुतेक पावसावरची : सोयाबीन, मका, ज्वारी, तूर आणि पूर्वीपासूनची कोदो-कुटकी ही भरडधान्ये. पाऊस संपला की सोयाबीनच्या सोंगणीला, पुढे हरभऱ्याच्या सोंगणीला, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कुटुंबेच्या कुटुंबे मैदानात उतरतात. लेकरेही सोबत जातात. परततात ती होळीला. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. तो पाच दिवस चालतो आणि रस्त्यावर गाड्या अडवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागितले जातात. 2011 च्या जनगणनेत घरोघरची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, होळी आली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. मोजणीचा सगळा काळ जो बाहेरगावी होता, तो जिथे सापडला तिथलाच धरला गेला. म्हणून मेळघाटातल्या गावाची लोकसंख्या विचारताना महिनाही विचारायला हवा. रेशन, अंगणवाडीचा आहार, लसीकरण या सगळ्यांची आखणी स्थिर वस्ती गृहीत धरून होते; स्थलांतरित मुलाचे नाव गावच्या यादीत राहते आणि मूल वीटभट्टीवर असते.

पावसाळा हा इथला सर्वांत कठीण काळ. जुलै ते सप्टेंबर घरातले धान्य सरत आलेले असते, नवे पीक उभे असते, हाताला काम कमी असते. त्यातच हिवताप आणि हगवण वाढते, नाल्यांना पूर येऊन रस्ते तुटतात, बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत नेणे अवघड होते. 1993 मध्ये इथले कुपोषण आणि बालमृत्यू देशभर चर्चेत आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेव्हापासून हा प्रश्न न्यायालयापुढे पुन्हापुन्हा येत राहिला आहे. याच महिन्यांत चिखलदऱ्यावर धुके आणि धबधबे पाहायला पर्यटकांची गर्दी असते. मेळघाटच्या हवेचे वर्णन बहुधा त्यांच्या नजरेतून लिहिले गेले. तेवढे पुरेसे मानणे इथल्या लोकांवर अन्याय आहे. बैरागडला दवाखाना चालवणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी याच काळातले आजार गावात राहून हाताळले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

1973-74 मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांत मेळघाट होता. 2001 नंतर बोरी, कोहा, कुंड आणि पुढे वैराट, चुर्णी, केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा अशी गावे या प्रकल्पासाठी जंगलातून हलवली गेली. त्यांतल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला झाले. डोंगरातल्या हवेत आणि रानमेव्यावर वाढलेल्या माणसांना उन्हाच्या मैदानात, सोयीसुविधा अपुऱ्या असताना राहावे लागले. आजारपण आणि मृत्यूंच्या तक्रारी झाल्या, आणि काही कुटुंबे आपल्या जुन्या गावांच्या जागी परत गेली.