हॉर्सप्ले आणि मंकी बिझनेस: धसमुसळेपणा कुठला, काळंबेरं कुठलं

इंग्रजीतल्या या दोन्ही शब्दांचा अर्थ सहसा 'दंगामस्ती' असाच लावला जातो, आणि घोळ तिथेच होतो. हॉर्सप्लेमध्ये अंगाशी झोंबणं असतं: ढकलाढकली, पाडापाडी, लुटुपुटूची कुस्ती, मित्राला धरून पाण्यात ओढणं. मंकी बिझनेस करायला मात्र जागचं हलावंही लागत नाही. खुर्चीत बसून, हिशेबाच्या वहीतही तो करता येतो.

हॉर्सप्ले हा सोळाव्या शतकापासूनचा शब्द. यातल्या घोड्याचा तबेल्याशी फारसा संबंध नाही. जोडशब्दात 'हॉर्स' आला की इंग्रजीत अनेकदा 'मोठं, राठ, ओबडधोबड' असा अर्थ होतो. हॉर्सरॅडिश हा तिखट कंद आणि हॉर्स-लाफ हे गडगडाटी हसणं त्यातलंच. मराठी माणसाला हे चटकन पटावं, कारण आपली 'घोडचूक' आणि 'घोडनवरी' याच धाटणीची आहे.

पोहण्याच्या तलावावर किंवा कारखान्यात 'नो हॉर्सप्ले' अशी पाटी असते, तेव्हा तिचा रोख अपघाताकडे असतो. ओल्या फरशीवर पळापळ, चालू यंत्राजवळ धक्काबुक्की, एकमेकांकडे हत्यारं फेकणं, गंमत म्हणून सहकाऱ्याच्या अंगावर दाबाखालच्या हवेचा झोत सोडणं, हे सगळं त्यात येतं. शेवटचा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्या झोताने डोळा किंवा कानाचा पडदा जाऊ शकतो.

मंकी बिझनेस हा एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकेत रुळलेला शब्द. आई बाहेर जाताना मुलांना 'नो मंकी बिझनेस!' म्हणते, तेव्हा 'माकडचेष्टा नकोत' हे भाषांतर अगदी चपखल बसतं. पण 'सम मंकी बिझनेस विथ द अकाउंट्स' असं वाक्य आलं, तर माकडचेष्टा शब्द फसतो. तिथे 'हिशेबात काहीतरी काळंबेरं आहे' किंवा 'कुठेतरी पाणी मुरतंय' असंच म्हणायला हवं. हॉर्सप्लेला ही अफरातफरीची छटा कधीच येत नाही.

या अर्थांनी दोन्ही नामं मोजता येत नाहीत, म्हणून 'अ हॉर्सप्ले' चूक, 'अ बिट ऑफ हॉर्सप्ले' बरोबर. हॉर्सप्ले जोडून लिहितात, मंकी बिझनेस तोडून. क्रियापदांत जास्त गफलत होते. 'हॉर्स अराउंड' आणि 'मंकी अराउंड' बरेच जवळचे आहेत, पण 'मंकी विथ' वेगळं: ब्रेक, कुलूप, फ्यूज यांच्याशी नसती छेडछाड. तिथे 'हॉर्स विथ' चालत नाही.

माणसांबद्दल बोलताना 'मंकी' फार जपून वापरावा, विशेषतः कृष्णवर्णीय व्यक्तीच्या संदर्भात, कारण तिथे या शब्दामागे वर्णद्वेषी शिवीचा इतिहास आहे. 2018 साली फ्लोरिडाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रॉन डिसँटिस यांनी मतदारांनी 'मंकी धिस अप' करू नये, म्हणजे घोळ घालू नये, असं म्हटलं. प्रतिस्पर्धी अँड्र्यू गिलम कृष्णवर्णीय होते, आणि त्या एका क्रियापदावरून मोठं वादळ उठलं.

हॉर्सप्लेची अडचण उलट आहे: तो फार सौम्य वाटतो. त्यात दोन्ही बाजूंची मौज गृहीत असते. एक जण रडतोय आणि चौघं त्याला धरून बुडवताहेत, तर तो हॉर्सप्ले नाही. मुलांनी किंवा शिक्षकांनी तसं म्हटलं तरी अहवालात तो शब्द लिहू नये.